मागचा डावा कोपरा

नवनाथ शिपायाच्या निरोपसमारंभाला भिमाबाई केदारे कॉलेजात गेल्या, आणि येताना चार फुटांची काचेची टाकी घेऊन आल्या. नाशकात उपनगर भागातल्या त्यांच्या कॉलनीत ही गोष्ट दोन दिवस चघळली गेली. बाई निवृत्त होऊन चार वर्षं झालेली, गुडघे कुरकुरणारे, घर दोन खोल्यांचं, आणि त्यात हे धूड.

झालं होतं असं. नवनाथला शाल-नारळ दिला, भाषणं झाली, बटाटेवडे खाऊन झाले, आणि सदतीस वर्षांच्या सवयीने भिमाबाईंचे पाय मागच्या जिन्याने वर वळले. वरच्या मजल्यावर प्राणिशास्त्राची प्रयोगशाळा. तिथे त्या परिचर होत्या. बरण्या पुसायच्या, सूक्ष्मदर्शकं मांडायची, ट्रे धुवायचे, मुलांनी फोडलेल्या काचा गोळा करायच्या, हे त्यांचं काम. गॅलरीत मोडक्या स्टुलांच्या ढिगात ती टाकी पडली होती. आत दोन झाडू उभे केलेले. काचेवर धूळ, आणि धुळीत कुणीतरी बोटाने बदाम काढून ठेवलेला.

आताच्या विभागप्रमुख तेजल मॅडम बाहेर आल्या. "मावशी, हात नका लावू, काच लागेल. सोमवारी भंगारवाला नेणार आहे सगळं."

"ही मी नेऊ का?"

"कशाला हो?"

"समुद्र ठेवायला," भिमाबाईंच्या तोंडून निघून गेलं, आणि त्यांची त्यांनाच लाज वाटली. "म्हणजे, मासे. खाऱ्या पाण्यातले."

तेजल मॅडम हसल्या, पण त्या हसण्यात कुचेष्टा नव्हती. त्यांनी अर्ज लिहून घेतला, सही केली आणि द्वारका चौकातून छोटा टेम्पोही मागवून दिला.

घरी धोंडीराम, म्हणजे भिमाबाईंचे मालक, ओट्यावर पेपर वाचत बसले होते. एसटीच्या वर्कशॉपमध्ये आयुष्य गेलेला माणूस, बोलणं बेताचं. त्यांनी चष्म्यावरून टेम्पोकडे बघितलं.

"ही तीच का?"

"तीच."

"मॅडमची?"

"मॅडमचीच."

त्यांनी पेपराची घडी घातली, आत जाऊन आपली खाट भिंतीकडे सरकवली आणि टाकीपुरती जागा केली. संध्याकाळी चाकणहून मुलाचा, धम्मपालचा फोन आला. त्याला वाटलं, आईने नातीसाठी काहीतरी आणलंय. "नाही रे," भिमाबाई म्हणाल्या. "माझ्यासाठी आणलीय." हे बोलताना त्यांना फार बरं वाटलं.

मॅडम म्हणजे कुंदन कर्णिक. त्यांचं माहेर केळव्याचं. घराच्या मागच्या दारातून निघालं की सुरूच्या बनातून पाच मिनिटांत वाळू. लग्न होऊन त्या नाशकात आल्या, कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायला लागल्या, पण पुढची कितीतरी वर्षं त्यांना इथली रात्र फार गप्प वाटायची. "नाशकात सगळं आहे गं भिमा," त्या म्हणायच्या. "नदी आहे, द्राक्षं आहेत, थंडी आहे. पण उशीवर डोकं ठेवलं की कानाला काही ऐकू येत नाही."

सत्याऐंशी साली त्यांनी प्राचार्यांच्या मागे लागून ती टाकी करवून घेतली. मुलांना समुद्रातले जीव जिवंत बघायला मिळावेत, असं अर्जात लिहिलं होतं. पहिलं पाणी मुलांच्या सहलीच्या बसमधून आलं. त्यानंतर दर तीन महिन्यांनी मॅडम आणि भिमाबाई एसटीने केळव्याला जायच्या आणि येताना दोन मोठे कॅन भरून आणायच्या. त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, मग पालघर, नुसती वळणं. येताना घाटात कॅनमधलं पाणी डुचमळायचं आणि भिमाबाई पायांनी कॅन दाबून धरायच्या.

एकदा कंडक्टरने विचारलं, "काय आहे यात? रॉकेल चालणार नाही गाडीत."

"समुद्र आहे," मॅडम म्हणाल्या.

कंडक्टरने बूच उघडून वास घेतला. "आहे खरा," तो म्हणाला आणि पुढे गेला.

भिमाबाईंनी पहिल्यांदा समुद्र बघितला तो केळव्याला. माहेर चांदवडचं, त्यामुळे पाणी म्हणजे विहिरीतलं, तळाशी दिसणारं. इथे पाणी आपण होऊन पायाशी येत होतं. त्या लुगड्याचा ओचा धरून कितीतरी वेळ नुसत्या उभ्या राहिल्या. मॅडमच्या घरी त्यांची म्हातारी आत्या होती. तिने बिनदिक्कत विचारलं, "तुम्ही कोण, कुठल्या?" भिमाबाईंनी सरळ सांगितलं, "बौद्ध आहोत आम्ही. चांदवडच्या." आत्या उठून आत गेली. भिमाबाईंनी मॅडमकडे बघितलं नाही, मॅडमनीही त्यांच्याकडे बघितलं नाही. मग आत्या ताट घेऊन बाहेर आली. भात, बोंबलाचं कालवण आणि तळलेली मांदेली. ताट पुढ्यात ठेवून ती समोरच बसली. "जपून खा बाई. देशावरच्या माणसांना काटे कळत नाहीत."

त्या टाकीत काय काय होतं! शंख पाठीवर घेऊन फिरणारे खेकडे, काळ्यापिवळ्या पट्ट्यांचे मासे, दगडाला चिकटून फुलासारखं उमलणारं आणि बोट लावलं की मिटून जाणारं एक जनावर. मुंबईच्या बाजारातून मॅडमनी दोन केशरी मासे आणले होते, अंगावर पांढरे पट्टे असलेले. शेवटचं प्रात्यक्षिक संपलं, मुलं गेली, की भिमाबाई नव्या कोऱ्या बीकरमध्ये चहा उकळायच्या आणि दोघी टाकीसमोर स्टूल घेऊन बसायच्या. बोलायच्या थोडं. कधी मॅडम सासूबद्दल सांगायच्या, कधी भिमाबाई नोकरीत कायम होण्याच्या कागदाबद्दल. पंपाचे बुडबुडे वर येत राहायचे. भिमाबाईंच्या आयुष्यात कुणाला काही द्यायचं नाही, कुणासाठी काही करायचं नाही, असा तेवढाच अर्धा तास असायचा.

हे सगळं सात वर्षं चाललं. मग चौऱ्याण्णवची दिवाळी आली.

सुट्टीत रोज येऊन टाकी बघायचं काम भिमाबाईंचं. पाणी उडून जितकं कमी होईल तितकं साधं पाणी घालायचं, कारण मीठ उडून जात नाही. रोजचं अर्धं बोट. पण त्या वर्षी धम्मपालला हिवताप आला. सहा वर्षांचं पोर तापाने बडबडत होतं, आणि धोंडीराम दिवाळीच्या जादा गाड्यांमुळे वर्कशॉपमध्ये अडकलेले. दोन दिवस भिमाबाई कॉलेजात गेल्याच नाहीत. तिसऱ्या दिवशी धावतपळत गेल्या, तर पाणी वीतभर खाली उतरलेलं. पंप कोरडा घरघरत होता. मासे वर तरंगत होते. त्यांनी घाईघाईने बादल्या ओतून टाकी काठोकाठ भरली, पंप पुन्हा सुरू केला आणि वेड्यासारख्या बघत राहिल्या. एकही हलला नाही.

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या. त्यांनी एकच विचारलं. "रोज आली होतीस ना?"

कायम होण्याचा कागद त्याच महिन्यात यायचा होता. भिमाबाई म्हणाल्या, "हो."

 मॅडमनी टाकी रिकामी करवली आणि पुसून ठेवली. त्यानंतर दोघींचं केळव्याला जाणं बंद झालं, आणि टाकीत पुन्हा पाणी पडलं नाही. तिच्यात दगड ठेवले, मग हाडांचे सांगाडे, मग झाडू. कागद आला, भिमाबाई कायम झाल्या. मॅडम त्यांच्याशी पूर्वीसारख्याच वागल्या, पण स्टूल घेऊन बसणं संपलं. तो "हो" भिमाबाईंनी तीस वर्षं पोटात ठेवला.

आता टाकी घरात आली होती. आठवडाभर त्यांनी ती नुसती धुतली. व्हिनेगरमध्ये फडकं भिजवून काचेवरचे पांढरे डाग काढले. टाकी दुरुस्त कशी करायची हे त्यांनी मॅडमना करताना पाहिलं होतं, पण स्वतःवर भरवसा नव्हता. म्हणून द्वारकेच्या फकिराला बोलावलं. फकिराचं काचेचं दुकान. गाड्यांच्या काचा, आरसे, खिडक्या सगळं करायचा. मूळचा चांदवडकडचा, म्हणून भिमाबाईंना ताई म्हणायचा.

त्याने टाकीभोवती एक फेरी मारली, नखाने कडा दाबून पाहिल्या. "ताई, आतून ही जी कड दिसती ना, ती नुसती राखणदार. खरा जोड काचेकाचेच्या मधी. त्यो धरून हाय का ते बघायचं." त्याने मोबाईलचा उजेड जोडावर तिरपा मारला. "हे बघा. धरलेला जोड दिसत बी नाय. सुटला की चांदीवाणी चमकतो."

तीन कोपरे ठीक होते. चौथ्यापाशी, मागच्या डाव्या कोपऱ्यात, तो थांबला. त्याने ब्लेडचं टोक कडेखाली घातलं आणि हलकेच ओढलं. काच चिकटवायच्या सिलिकॉनचा एक लांब पापुद्रा सापाच्या कातीसारखा सोलून हातात आला. त्याच्या खाली दुसरं, जुनं, पिवळं सिलिकॉन होतं. आणि दोन्हींच्या मधे, थेट जोडाच्या आतपर्यंत, पांढरं पांढरं काहीतरी साचलं होतं.

भिमाबाईंनी बोटाला लावून जिभेवर ठेवलं. मीठ.

"कुणीतरी जुन्यावर नवं थापलंय," फकिरा म्हणाला. "जुन्याला नवं कधीच धरत नाय. ही टाकी गळत होती ताई. आणि थोडीथोडकी नाय. मागच्या मागं जात आसंल पानी."

मागच्या मागे. भिमाबाई ओट्यावर बसल्या. टाकी कडाप्प्याच्या कट्ट्यावर असायची, आणि तिच्या मागेच मोरीची नाली होती. जमीन ओली व्हायचं कारणच नव्हतं. रोजचं अर्धं बोट, म्हणजे दोन दिवसांचं एक बोट. एक बोट आणि एक वीत, यातला फरक त्यांच्या तीस वर्षांत एकदाही लक्षात आला नव्हता. त्या दिवशी त्या आपल्याच भीतीत इतक्या बुडाल्या होत्या की पाणी मोजायचं राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या रिक्षा करून गंगापूर रोडला मॅडमकडे गेल्या. मॅडम आता एक्याऐंशीच्या होत्या. खुब्याचं हाड मोडल्यापासून वॉकर धरून चालायच्या, पण डोकं तल्लख. टाकीची बातमी ऐकून त्यांचा चेहरा उजळला. भिमाबाईंनी तो पापुद्रा कागदात गुंडाळून आणला होता. त्यांनी तो टीपॉयवर ठेवला.

"मॅडम, टाकी गळत होती."

"माहीत आहे मला," मॅडम सावकाश म्हणाल्या. "तो कोपरा मीच भरला होता."



"त्या मे महिन्यात तू चांदवडला गेली होतीस, भावाच्या लग्नाला. कोपरा जरा पाझरत होता. टाकी रिकामी करून सगळं खरवडायला हवं होतं. मी कंटाळा केला. जुन्यावरच नवं दाबलं. दिवाळीनंतर आले तेव्हा मागच्या भिंतीवर मिठाचा ओघळ दिसला आणि सगळं लक्षात आलं. पाणी मोजलं तर खारटपणा निम्म्यावर आलेला. म्हणजे टाकी रोज गळत होती, आणि तू बिचारी रोज येऊन इमानाने गोडं पाणी ओतत होतीस. माशांना मी मारलं, भिमा. आणि पुन्हा समुद्र आणायचं तोंड मला राहिलं नाही."

भिमाबाईंना वाटलं होतं, कोपऱ्याचं कळल्यावर आपलं ओझं उतरेल. ते दुप्पट झालं. त्या खाली मान घालून बोलल्या, "मी रोज आले नव्हते मॅडम. दोन दिवस आलेच नव्हते. धम्माला ताप होता. तिसऱ्या दिवशी एकदम भरलं पाणी. आले असते तर दिसलं असतं मला. मासे वाचले असते."

 स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली.

"मी विचारलं होतं तुला," मॅडम शेवटी म्हणाल्या.

"कायमचा कागद यायचा होता."

"मी काय तुझा कागद अडवला असता?" मॅडमचा आवाज चढला. "तीस वर्षं, भिमा! तीस वर्षं मी स्वतःला कोसतेय. केळव्याचं घर विकलं तेव्हासुद्धा वाटलं, आपल्याला काय हक्क आहे रडायचा. आणि तू रोज समोर येऊन ट्रे धूत होतीस!"

भिमाबाईंचे डोळे वाहत होते. "चुकलं मॅडम."

"आता जा तू. मला पडायचंय जरा."

भिमाबाई परत आल्या आणि टाकीवर जुनी चादर टाकून ठेवली. धोंडीरामांनी विचारलं नाही. फकिराचा फोन आला, त्याला नंतर ये म्हणून सांगितलं. आठ दिवस असेच गेले. नवव्या दिवशी दुपारी फोन वाजला.

"जोड कापलास का?" मॅडमचा आवाज. नमस्कार नाही की चमत्कार नाही.

"नाही मॅडम."

"मागची काच पूर्ण काढावी लागेल. नुसती कड बदलून भागायचं नाही. आणि जुनं सिलिकॉन कणभरही राहता कामा नये. स्पिरिटने दोनदा पूस. बाथरूमचं बुरशीचं औषध घातलेलं सिलिकॉन आणू नकोस, त्याने जीव मरतात." मग जरा थांबून, "धम्माला काय झालं होतं तेव्हा?"

"हिवताप होता."

"मोठा ताप तो. सहा वर्षांचं पोर," मॅडम म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

फकिरा दुसऱ्याच दिवशी आला. बारीक तार करवतीसारखी जोडातून ओढत त्याने मागची काच सोडवली. पुढचे दोन दिवस भिमाबाई ब्लेड घेऊन बसल्या. सगळ्या कडा खरवडल्या, पुसल्या, हाताला लागेनाशा केल्या. मग कागदी पट्ट्या चिकटवून फकिराने पिचकारीने सिलिकॉनची एकसारखी रेघ ओढली, काच बसवली, आणि भिमाबाईंनी बोट ओलं करून आतली कड गुळगुळीत केली. घरभर व्हिनेगरसारखा आंबूस वास सुटला. धोंडीरामांनी तेवढ्या वेळात वर्कशॉपच्या जुन्या दोस्ताकडून लोखंडी स्टँड वेल्ड करून आणला, त्याला तीन हात रंग दिला आणि पाणसळ ठेवून तो पुढच्या खोलीत सरळ बसवला.

सात दिवस टाकीला हात लावायचा नाही, असं मॅडमनी बजावलं होतं. आठव्या दिवशी खाली थर्माकोल, त्याखाली वर्तमानपत्रं पसरून पाव टाकी साधं पाणी भरलं. एक दिवस थांबायचं. मग अर्धी. पुन्हा एक दिवस. रोज सकाळी भिमाबाई वाकून कागद चाचपायच्या. अर्धी भरल्याच्या दुसऱ्या सकाळी कागदावर हातभर ओला डाग दिसला, आणि त्या मटकन खालीच बसल्या.

धोंडीराम घसा खाकरत म्हणाले, "तो माझा चहा सांडला. पहाटे."

टाकी काठोकाठ भरून तीन दिवस ठेवली. अडीचशे लिटर पाणी, आणि मागचा डावा कोपरा बोट फिरवलं तरी कोरडा ठणठणीत. रोज दोनदा मॅडमचा फोन यायचा. "धरलं?" "धरलं."

"समुद्राचं पाणी कुठून आणायचं आता?" भिमाबाईंनी विचारलं.

"मीठ पाकिटात मिळतं हल्ली. पाण्यात कालवायचं," मॅडम म्हणाल्या. "तू आणि मी कॅन उचलायचे आता, असं वाटतं की काय तुला?"

पाणी मुरायला, म्हणजे त्यात मासे जगतील असं व्हायला, दीड महिना लागला. मग दोन केशरी मासे आले, शंखवाले चार खेकडे आले. आणि डिसेंबरातल्या एका दुपारी, उन्हं ओट्यावर असताना, मॅडम रिक्षातून आल्या. धोंडीराम आणि रिक्षावाल्याने धरून त्यांना खुर्चीत बसवलं. टाकी पुढच्या खोलीत, बुद्धमूर्तीच्या कोनाड्याखाली ठेवली होती. मॅडमनी आधी मासे बघितलेच नाहीत. वॉकर धरून त्या उठल्या, भिंत आणि काच यांच्या फटीत हात घातला, आणि कोपरा वरपासून खालपर्यंत चाचपला. मग समाधानाने बसल्या.

"खेकडा आळशी आहे तुझा तो मोठा," त्या म्हणाल्या.

"नवीन आहे अजून. बुजलाय."

भिमाबाईंनी बाजरीची भाकरी आणि सुकट केली होती. मॅडमनी दोन घास जास्तच खाल्ले. केळव्याच्या आत्याची आठवण निघाली. काटे कळत नाहीत म्हणायची, पण भिमाबाईंनी मांदेली कशी साफ केली होती हे पुढे दहा वर्षं गावभर सांगत होती म्हणे. भिमाबाईंना हे माहीतच नव्हतं. त्या इतक्या हसल्या की पदर तोंडाला लावावा लागला. त्या दिवाळीचा विषय दोघींनी काढला नाही. दुपार कलली तशा मॅडम बोलता बोलता थांबल्या, हात मांडीवर ठेवून पंपाचा आवाज ऐकत राहिल्या, आणि जेवण अंगावर येऊन खुर्चीतच झोपी गेल्या. भिमाबाईंनी रिक्षावाल्याला खुणेने सांगितलं, अर्ध्या तासाने ये.

उन्हाळ्यात दोनपैकी एक मासा मेला. पाऊस सुरू व्हायच्या आधी मॅडमची मुलगी साधना त्यांना पुण्याला घेऊन गेली. आता दर रविवारी सकाळी फोन येतो. भिमाबाई खारटपणा मोजायची काचेची नळी पाण्यात सोडतात, चष्मा लावतात आणि आकडा वाचून दाखवतात. मॅडम तिकडे वहीत लिहून घेतात.